चौकाचा पंचनामा

रस्त्यावर माणूस मेला की पोलीस पंचनामा करतात. पंच बोलावले जातात, टेप लावून अंतरं मोजली जातात. टायर घासल्याच्या खुणा, काचांचा खच, रक्ताचे डाग, लांब जाऊन पडलेली चप्पल असं सगळं लिहून घेतलं जातं. गाडी ओढून ठाण्याच्या आवारात लावतात. मग गुन्हा दाखल होतो. पूर्वी तो भारतीय दंड विधानाच्या कलम ३०४ अ खाली व्हायचा, १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली होतो. चालक आरोपी होतो आणि खटला न्यायालयात आपल्या गतीने चालत राहतो.

या कागदपत्रांत रस्ता असतो, पण घटनास्थळ म्हणून. तो किती रुंद होता, पायी ओलांडणाऱ्याला सिग्नलने किती सेकंद दिले, झेब्राचे पट्टे पुसले गेले होते का, फूटपाथ नेमका कुठे संपत होता, खांबावरचा दिवा लागत होता का, वळणावर गाडीला वेग कमी करावा लागत होता की नव्हता, याची उत्तरं तिथे शोधून सापडत नाहीत. पंचनाम्याचं काम दोषी माणूस शोधण्याचं आहे आणि ते काम तो करतो. त्याच जागी पुढच्या महिन्यात दुसरं कुणी मेलं, तर दुसरा पंचनामा होतो. तो पहिल्याला ओळखत नाही.

हे सुटे कागद एका नकाशावर मांडले तर काय दिसतं, हे पाहायचं असेल तर मुंबईत चेंबूरइतकी बोलकी जागा क्वचितच सापडेल.

चेंबूरला बाग, सावली आणि जुन्या बंगल्यांचं उपनगर म्हणून ओळखणारी पिढी अजून आहे. डायमंड गार्डन, टिळकनगर, फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांची वसाहत, स्टेशनबाहेरचा बाजार ही त्यांची चेंबूरची खूण. पण या उपनगराभोवतीचे मोठे रस्ते राहणाऱ्यांसाठी आखले गेलेलेच नाहीत. देवनारची कचराभूमी १९२७पासून आहे. १९५४-५५च्या सुमारास माहुल-तुर्भे पट्ट्यात तेलशुद्धीकरण कारखाने आले, पुढे खत कारखाना आला. टँकर, ट्रक, कचऱ्याच्या गाड्या यांची ये-जा तेव्हापासून इथल्या रस्त्यांचा पहिला धर्म ठरली. नंतर शहर पूर्वेला आणि खाडीपलीकडे वाढलं, तसे मधून जाणाऱ्यांसाठी एकावर एक रस्ते आले. पूर्व द्रुतगती महामार्ग आणि शीव-पनवेल मार्ग होतेच. २०१३-१४मध्ये पूर्व मुक्त मार्ग झाला. एप्रिल २०१४मध्ये सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता झाला, वर्षानुवर्षं रखडलेला, साडेसहा किलोमीटरचा, दुमजली उड्डाणपूल असलेला. त्याच वर्षी चेंबूर-वडाळा मोनोरेलचे खांब रामकृष्ण चेंबूरकर मार्गावर कामाला लागले. ऑगस्ट २०२१मध्ये घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्यावरचा उड्डाणपूल खुला झाला, छेडानगरचे पूल त्यानंतरच्या दोन वर्षांत. आता मेट्रो २ब.

या प्रत्येक प्रकल्पाच्या उद्घाटनाला एक वाक्य हमखास बोललं गेलं: प्रवासाची इतकी मिनिटं वाचणार. ही मिनिटं गाडीतून चेंबूर पार करणाऱ्याची. रस्त्याच्या एका कडेला राहून दुसऱ्या कडेला भाजी, शाळा, दवाखाना किंवा स्टेशन असणाऱ्याची किती मिनिटं गेली, हे कुठल्याच प्रकल्प अहवालात आलं नाही.

अमर महाल चौक घ्या. पूर्व द्रुतगती महामार्ग, सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता आणि घाटकोपरकडून येणारी स्थानिक वाहतूक इथे एकमेकांत मिसळतात. डोक्यावर उड्डाणपूल आहेत. एप्रिल २०१७मध्ये यातल्या महामार्गावरच्या जुन्या पुलाच्या सांध्यात बिघाड आढळला आणि त्याचा भाग दीर्घकाळ बंद ठेवावा लागला. वर्तमानपत्रांत तेव्हा महिनोन्महिने वाहतूककोंडीच्या बातम्या आल्या. याच दशकात मुंबईच्या रस्तासुरक्षा अहवालांत धोकादायक चौकांच्या यादीत अमर महाल वारंवार येत होता. कोंडीवर जितका मजकूर छापला गेला, त्याच्या पासंगाला पुरेल इतकाही त्या यादीवर छापला गेला नाही. कोंडी गाडीत बसलेल्याला दिसते, तो तक्रार करतो, आणि त्याची तक्रार ऐकली जाते.

या चौकात पायी फिरताना लक्षात येतं की जमिनीवर जी जागा उरली आहे, ती पुलांच्या खांबांनी आणि वळणांनी ठरवलेली आहे. वळणं ऐसपैस, गोलाकार. अशा वळणावर चालकाला वेग फारसा कमी करावा लागत नाही, आणि नेमक्या त्याच ठिकाणी माणूस पाऊल टाकत असतो. खांबाआडून येणारी मोटरसायकल दिसत नाही. हातातली पिशवी सावरत, दुसऱ्या हाताने मुलाचं मनगट घट्ट धरून बाया धावत सुटतात, मध्येच थबकतात, पुन्हा धावतात. हे बघून बेशिस्त म्हणणं सोपं आहे. पण थोडं गणित करू. सिग्नलची वेळ ठरवताना आपल्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांत माणसाचा चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरला जातो. २४ मीटर रुंद रस्ता ओलांडायला त्या हिशेबाने २० सेकंद लागतात, तेही न अडखळता, सरळ रेषेत. गुडघे धरलेल्या आजींना किंवा मुलाला कडेवर घेतलेल्या बाईला याहून जास्त. दुभाजकात उभं राहायला हक्काची जागा नसेल आणि हिरवा दिवा अर्ध्यातच गेला, तर ती बाई शिस्त नेमकी कुठे पाळणार?

आकड्यांकडे वळू या, कारण चौकाविषयीची तक्रार आकड्यांशिवाय कोणी ऐकत नाही.

मुंबई २०१५मध्ये ब्लूमबर्ग फिलान्थ्रॉपीजच्या जागतिक रस्तासुरक्षा उपक्रमात सामील झाली. महानगरपालिका, वाहतूक पोलीस आणि त्यांच्या मदतीला आलेल्या संस्था यांनी प्राणांतिक अपघातांच्या पोलिसी नोंदी नीट चाळून दरवर्षी अहवाल काढायला सुरुवात केली. त्या वर्षी मुंबईच्या रस्त्यांवर ६११ माणसं मेली होती. २०१९मध्ये हा आकडा ४४७वर आला. घट मोठी आहे आणि तिचं श्रेय नोंदींच्या या कामालाही जातं, असं मला वाटतं. कोणत्या रस्त्यावर, किती वाजता, कुठल्या वाहनाने, कोण मेलं हे कळल्यावर नाकाबंदी कुठे लावायची आणि वेग मोजणारं यंत्र कुठे उभं करायचं, याला काही आधार येतो. या अहवालांतून एक गोष्ट मात्र दरवर्षी तशीच समोर आली. मरणाऱ्यांमध्ये निम्म्याच्या आसपास पादचारी होते. त्याखालोखाल दुचाकीस्वार. चारचाकीत बसून मरणारे अगदी थोडे.

देशाच्या आकडेवारीत हे चित्र इतकं स्वच्छ दिसत नाही. २०२२मध्ये भारतात १,६८,४९१ जण रस्त्यावर मेले, त्यांतले १५,२२४ महाराष्ट्रात. अशा आकड्यांत पादचारी किती, यावर दिल्लीच्या आयआयटीतले प्राध्यापक दिनेश मोहन यांनी आयुष्यभर वाद घातला. २०२१मध्ये कोविडने ते गेले. मुळातल्या पोलीस नोंदी हातात घेऊन तपासल्या की पादचाऱ्यांचं प्रमाण सरकारी तक्त्यातल्यापेक्षा कितीतरी जास्त निघतं, हे त्यांनी आणि गीतम तिवारी यांच्यासारख्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं. गडबड तक्ता भरताना होते. धडक देणारं वाहन आणि मेलेला माणूस कशावरून जात होता, या दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली की पायी चालणारा तक्त्यातून नाहीसा होतो. आणि तक्त्यात जो नाही, त्याच्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद कशी होणार?

चेंबूरमध्ये नोंदीची आणखी एक अडचण आहे, ती हद्दींची. या भागाच्या मोठ्या रस्त्यांभोवती टिळकनगर, नेहरूनगर, चेंबूर, गोवंडी, देवनार, शिवाजीनगर, मानखुर्द, आरसीएफ अशी पोलीस ठाणी आहेत, महामार्गाच्या घाटकोपरच्या अंगाला पंतनगर. एकच रस्ता चार हद्दींतून जातो. महापालिकेचंही तसंच. एम पश्चिम, एम पूर्व, एल आणि एन हे चार विभाग इथे एकमेकांना भिडतात. ठाण्याच्या डायरीत ‘अमर महालजवळ’, ‘पुलाखाली’, ‘सिग्नलच्या अलीकडे’ अशी नोंद झाली तर ती जागा चौकाच्या आधीची की नंतरची, कुठल्या बाजूची, पुलावरची की पुलाखालची, हे वर्षाने कागद चाळणाऱ्याला कळायला मार्ग नाही. आणि अभियंत्याला तेच हवं असतं. २० मीटरचा फरक म्हणजे एक वेगळं वळण, वेगळा सिग्नल, वेगळा उपाय.

यावर तोडगा म्हणून केंद्राने आयआयटी मद्रास आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या मदतीने अपघातांची एकत्रित माहितीप्रणाली बनवली. सुरुवातीच्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. तपास अधिकाऱ्याने घटनास्थळी उभं राहून मोबाइलवर नोंद करायची, जागेचे अक्षांश-रेखांश आपोआप चढतात, फोटो जोडायचे. त्याच नोंदीत पुढे रस्त्याच्या अभियंत्याने, परिवहन खात्याने, रुग्णालयाने आपापला भाग भरायचा. कल्पना उत्तम आहे. रस्त्याच्या खात्यालाही मृत्यूच्या जागी बोलावणारी ही पहिलीच व्यवस्था. पण रात्री दोन वाजता अपघाताला गेलेल्या उपनिरीक्षकावर बंदोबस्त, वाहतूक मोकळी करणं, नातेवाईक आणि शवविच्छेदनाचे कागद हे सगळं एकदम येऊन पडतं, आणि त्यातच हा अर्ज. त्याला हा अर्ज भरण्यासाठी मनुष्यबळ आणि प्रशिक्षण दिलं, तरच त्यातून काही हाताला लागेल.

राष्ट्रीय महामार्गांवर काळी जागा, म्हणजे वारंवार अपघात होणारा ‘ब्लॅक स्पॉट’, ठरवायची सरकारी व्याख्या अशी: सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर जखमांचे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू. महामार्गासाठी ती ठीक असेल. चेंबूरसारख्या ठिकाणी ५०० मीटरमध्ये दोन चौक, एक शाळा, एक स्टेशन आणि एक बाजार मावतो. शिवाय इथल्या दुखापतींचा मोठा हिस्सा पोलिसांपर्यंत जातच नाही. रिक्षाचा धक्का लागून मनगट मोडलेला माणूस राजावाडीत किंवा गोवंडीच्या शताब्दीत प्लास्टर घालून घरी जातो. कोर्टकचेरी नको म्हणून तक्रार करत नाही. त्याचं मनगट ज्या जागी मोडलं, तिथेच पुढे कुणाचा तरी जीव जाण्याची शक्यता असते. म्हणून रुग्णालयांच्या अपघात विभागातल्या नोंदी नाव-गाव काढून टाकून पोलिसांच्या नकाशाला जोडल्या पाहिजेत. मृत्यूंची वाट न बघता धोका दाखवणारा याहून स्वस्त मार्ग दुसरा नाही.

आता घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्यावर जाऊ. मुंबईतल्या सर्वाधिक जीवघेण्या रस्त्यांत त्याचं नाव घेतलं गेलं आहे, आणि तिथे तासभर उभं राहिलं की कारणं समजायला तज्ज्ञ लागत नाही. एका बाजूला शिवाजीनगर, बैंगनवाडी, मागे कचराभूमी. दुसऱ्या बाजूला गोवंडी स्टेशन, शताब्दी रुग्णालय, देवनारची वसाहत. एम पूर्व विभाग मानव विकासाच्या मोजमापात शहराच्या तळाशी असतो. इथल्या फार थोड्या घरांत गाडी आहे. माणसं चालतात, आणि कामाला, दवाखान्याला, लोकल पकडायला हा रस्ता त्यांना आडवा येतो. त्यावरून ट्रक, डंपर, कचऱ्याच्या गाड्या, नवी मुंबईकडे निघालेल्या मोटारी. त्यात पूर्व मुक्त मार्ग येऊन याच रस्त्याला मिळतो. दक्षिण मुंबईपासून एकही सिग्नल न लागता आलेला चालक बोगदा ओलांडून खाली उतरतो, तो थेट मुंबईतल्या दाटीच्या वस्तीपाशी. त्याचा पाय आणि त्याची नजर दोन्ही अजून मुक्त मार्गाच्या वेगात असतात. वेग उतरायला रस्त्याने त्याला वेळ आणि खूण दिली पाहिजे: आधीच अरुंद होत जाणाऱ्या मार्गिका, उंचावलेला झेब्रा, रात्री डोळ्यांत भरणारा उजेड.

या जोडरस्त्यावरच्या उड्डाणपुलाने वरची वाहतूक वर नेली, पण तो खुला झाल्यावर पहिल्या काही महिन्यांतच दुचाक्या घसरून अपघात झाले आणि पृष्ठभागाच्या दुरुस्तीची वेळ आली. खालच्या रस्त्यावर जड वाहनं आणि माणसं राहिली, आणि मध्ये खांबांची रांग आली. उड्डाणपूल हा सुरक्षिततेचा उपाय आहे असं आपल्याकडे गृहीत धरलं जातं. खालच्या रस्त्याची नव्याने आखणी झाली नाही, तर मोकळ्या झालेल्या जागेत वेगच वाढतो.

वेगाचं हे प्रकरण नुसत्या नीतिपाठाने सुटत नाही, कारण त्यात शरीराच्या मर्यादा आहेत. ताशी ३० किलोमीटरने येणाऱ्या चालकाला समोर मूल दिसलं, त्याने दीड सेकंदात ब्रेक दाबला, तर कोरड्या रस्त्यावर गाडी साधारण १७-१८ मीटरमध्ये थांबते. ताशी ६० असेल तर तोच चालक, तीच गाडी, तोच ब्रेक असूनही सुमारे ४५ मीटर लागतात. त्यातले पहिले २५ मीटर तर पाय ब्रेकवर पोचेपर्यंतच निघून जातात. म्हणजे २० मीटरवर दिसलेल्या मुलाला पहिली गाडी आदळत नाही, दुसरी पूर्ण ६०च्या वेगाने आदळते. चालक सावध होता की बेसावध, दारू प्यायला होता की नव्हता, हा प्रश्न या हिशेबात आलाच नाही. केंद्राने एप्रिल २०१८मध्ये शहरी हद्दीत मोटारींना ताशी ७० आणि दुचाकींना ६० अशी कमाल मर्यादा घातली होती. मद्रास उच्च न्यायालयाने २०२१मध्ये ती अधिसूचना रद्द केली. बाजारातून जाणाऱ्या रस्त्यावर ७०ची कल्पना कुणाला सुचावी, याचं मला आजही नवल वाटतं.

जून २०१५मध्ये चेंबूरजवळ मुक्त मार्गावर मध्यरात्री उलट दिशेने येणाऱ्या महागड्या मोटारीने टॅक्सीला समोरून धडक दिली, दोन जण जागीच गेले. चालक दारूच्या नशेत असल्याचं पोलिसांनी सांगितलं. देशभर चर्चा झाली. ती व्हायलाच हवी होती, पण चर्चा एका व्यक्तीच्या चारित्र्यावर थांबली. उलट दिशेने गाडी शिरू शकेल अशी वाट तिथे का होती, शिरल्यावर ती अडवणारं काही का नव्हतं, हे विचारणारे फार थोडे होते. १९९७मध्ये स्वीडनच्या संसदेने शून्य मृत्यूंचं धोरण स्वीकारलं, तेव्हा त्यामागची भूमिका हीच होती. माणूस चुकणार, दमणार, घाई करणार. त्याच्या चुकीची शिक्षा मृत्यू असता कामा नये, आणि ही काळजी रस्ता बांधणाऱ्याने घ्यायची.

आपल्या राज्यातही हे करून पाहिलं गेलं आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६मध्ये १५१ मृत्यू झाले होते. सेव्हलाइफ फाउंडेशन, रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि एका वाहन कंपनीने मिळून प्रत्येक मृत्यूची जागा तपासली. कडेला उभे ट्रक, उघडी टोकं असलेले कठडे, दुभाजकातली खिंडारं, मदत पोचायला लागणारा वेळ, एकेक दुरुस्त करत गेले. २०२०पर्यंत मृत्यू निम्म्याहून खाली आले. त्यातलं शेवटचं वर्ष टाळेबंदीचं होतं, हे ध्यानात ठेवायला हवं, पण घसरण त्याआधीच सुरू झाली होती.

आणि चेंबूरपासून हार्बर मार्गावर थोडंच पुढे, वडाळ्याला, २००९-१०च्या सुमारास रुळांवर एक प्रयोग झाला. फायनल माइल या मुंबईतल्या संस्थेने रूळ ओलांडताना लोक का मरतात, हे आधी बघितलं. मोठी वस्तू येत असताना तिचा वेग माणसाच्या डोळ्याला कमी भासतो. म्हणून त्यांनी काही अंतरावरचे स्लीपर पिवळे रंगवले, म्हणजे गाडी किती झपाट्याने पट्टे गिळते आहे ते दिसतं. एका लांब शिटीऐवजी दोन तुटक शिट्या दिल्या. गाडीखाली सापडणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावरची भीती दाखवणारे फोटो लावले. मृत्यू लक्षणीय घटले. कुंपण नाही, दंड नाही, थोडा रंग आणि माणसाच्या नजरेचा अभ्यास. जोडरस्त्यावर ट्रकसमोर पाऊल टाकणारी व्यक्तीही त्याच नजरेने अंदाज बांधत असते.

रस्त्यांवरही रंग आणि शंकूंनी सुरुवात करता येते. ब्लूमबर्ग उपक्रमाच्या पहिल्या टप्प्यात वांद्र्याच्या एचपी पेट्रोल पंपाचा चौक, नागपाड्याचा मिर्झा गालिब चौक अशा ठिकाणी आधी तात्पुरते अडथळे ठेवून, कोपरे पुढे आणून, ओलांडायचं अंतर कमी करून पाहिलं गेलं. तात्पुरतं करून बघण्याचा फायदा मोठा. दुकानदार, रिक्षावाले, बसचालक यांना प्रत्यक्ष दिसतं की गाड्या अडत नाहीत, नुसत्या हळू वळतात. चुकलं तर शंकू उचलून हलवता येतात. बरोबर निघालं की मग दगड आणि काँक्रीट.

काँक्रीटचा विषय निघालाच आहे, तर सध्याची मोठी संधी तिथेच आहे आणि ती हातची चालली आहे. महापालिकेने सगळे रस्ते सिमेंट काँक्रीटचे करायला घेतले. पहिल्याच टप्प्यात सुमारे ४०० किलोमीटर आणि ६,००० कोटींहून जास्त रकमेची कामं. पूर्ण रस्ता एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत खणला जातो. कोपऱ्याची गोलाई कमी करायची, झेब्राजवळ फूटपाथ पुढे सरकवायचा, मानकांत सांगितलेली किमान १.८ मीटरची मोकळी पायवाट सोडायची, दुभाजकात थांबायची जागा ठेवायची, हे सगळं याच वेळी जवळजवळ फुकटात होतं. एकदा काँक्रीट पडलं की पुढची वीस-तीस वर्षं कोणी हात लावत नाही. खड्डा नसलेला रस्ता सगळ्यांना हवा आहे, मलाही. पण गुळगुळीत झालेल्या गल्लीत मोटरसायकली आधीपेक्षा जोरात जातात. मग रहिवासी अर्ज करतात, नगरसेवकामागे लागतात, आणि गल्लीच्या तोंडाशी मानकात न बसणारा, कंबरडं मोडणारा गतिरोधक येतो. वेग उतरवण्याची सोय मूळ आराखड्यातच असती तर हे काम रीतसर झालं असतं.

फेरीवाल्यांचं काय, असं कोणीतरी विचारतंच. चेंबूर स्टेशनबाहेर फूटपाथवरून चालता येत नाही हे खरं आहे. पण त्याच स्टेशनबाहेर गाड्या उभ्या करायला जितकी जागा दिली जाते, ती मोजली की प्रश्नाचा तोल बदलतो. या महानगरातल्या जवळपास निम्म्या फेऱ्या पूर्ण पायी होतात, असं एमएमआरडीएच्याच २००८च्या वाहतूक अभ्यासात आहे. त्या निम्म्यांना रस्त्याच्या रुंदीतला किती हिस्सा मिळतो, हे प्रत्येक विभागाने मोजून जाहीर केलं, तर भांडण फेरीवाला विरुद्ध पादचारी असं राहणार नाही. स्कायवॉकच्या काळात आपण पादचाऱ्यालाच वर पाठवून पाहिलं. जिने चढायचे, शंभर पावलांचा रस्ता तीनशे पावलांनी गाठायचा, हे लोकांनी मान्य केलं नाही, आणि म्हातारी माणसं ते करूही शकत नाहीत.

कायद्याने यात पाय ठेवायला जागा दिली आहे. २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९८ अ आलं. सदोष आखणी, बांधकाम किंवा देखभालीमुळे मृत्यू वा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला किंवा कंत्राटदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. हजारो कोटींच्या कामात एक लाख म्हणजे काहीच नाही, पण या कलमाने रस्ता प्रथमच आरोपीच्या जागी उभा राहिला. कोइंबतूरचे अस्थिशल्यचिकित्सक एस. राजशेखरन यांच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने २०२५मध्ये स्पष्ट केलं की मोकळे, चालता येण्याजोगे फूटपाथ हा घटनेच्या २१व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. त्याच वर्षी पुढे राज्यांना पादचारी आणि रस्त्यांच्या आखणीविषयीचे नियम ठरावीक मुदतीत करायला सांगितलं. चेंबूरमध्ये याचा उपयोग करायचा तर आधी एक अडथळा जायला हवा: कोणता रस्ता कोणाचा. पूर्व द्रुतगती महामार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याकडून एमएमआरडीएकडे आणि २०२२च्या अखेरीस महापालिकेकडे आला. सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता बांधला एका महामंडळाने, मेट्रो बांधते दुसरी यंत्रणा. मृत्यूच्या जागी चार फलक लागलेले असतात आणि नोटीस कुणाच्या नावे काढायची, हे वकिलालाही शोधावं लागतं.

मेट्रो २बची डायमंड गार्डन, शिवाजी चौक, मानखुर्द ही स्थानकं आता तयारीत आहेत. रोज हजारो माणसं जिन्यांवरून एकाच ठिकाणी रस्त्यावर उतरतील, तिथून रिक्षा, बस, मोनोच्या खांबांपलीकडचा फूटपाथ, शाळा गाठतील. कुठे उतरतील, कुठल्या बाजूला वळतील, कुठे रस्ता ओलांडतील, याचे अंदाज मेट्रोच्या आराखड्यांत आहेतच. शीव-तुर्भे मार्गावर गेल्या पाच वर्षांत कुठे कोण मेलं, याच्या नोंदी पोलिसांकडे आहेत. हे दोन कागद एम पश्चिम विभागाच्या कार्यालयात एकाच टेबलावर मांडून, पहिली गाडी सुटायच्या आधी प्रत्येक जिन्याखालचा झेब्रा, सिग्नलचे सेकंद आणि दुभाजकातली जागा ठरवता येते. त्यासाठी नवीन कायदा लागत नाही, नवीन निधीही फारसा लागत नाही. त्या बैठकीचं इतिवृत्त आणि त्यात ठरलेल्या कामांची तारीखवार यादी विभागाने फलकावर लावावी, आणि वर्षाने त्याच फलकावर त्या जागांवरच्या अपघातांचे आकडे.